थोरल्या भावाचे आठ रुपये

महिना पंधरा रुपये पगार. त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाच्या हाती पडत आणि उरलेल्या सात रुपयांत घर चाले. हा हिशेब १८७९ नंतरच्या काही वर्षांचा आहे. आठ रुपये पाठवणारे होते गोविंदराव गोखले. ते घेऊन शिकणारा मुलगा पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हणून देशाला ठाऊक झाला. गोखले यांचे अर्थसंकल्पावरील अभ्यासपूर्ण भाषण, त्यांचा नेमस्त बाणा, गांधीजींनी त्यांना दिलेले राजकीय गुरूचे स्थान या गोष्टी शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहेत. मात्र एका सामान्य, कर्ता पुरुष गमावलेल्या घराने आपल्या मुलाचे शिक्षण कसे तडीस नेले, ही त्यांच्या चरित्राची बाजू त्या मानाने कमी सांगितली जाते. मुलाच्या अभ्यासासाठी घराने नेमके काय करायचे असते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथे सापडते.

कागल ते कोल्हापूर

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या आजोळच्या गावी झाला. गोखल्यांचे मूळ घर त्याच जिल्ह्यातील ताम्हणमळ्याचे. वडील कृष्णराव यांना शिक्षणाची हौस होती. परंतु घरच्या ओढगस्तीमुळे त्यांना ते अर्धवट सोडावे लागले आणि पोटापाण्यासाठी घाट चढून ते कागलला आले. तेथे त्यांनी प्रथम कारकुनी केली व पुढे ते फौजदार झाले. कागल हे कोल्हापूर संस्थानातील जहागिरीचे गाव. गोपाळचे प्राथमिक शिक्षण तिथेच झाले.

इथे त्या काळचा नकाशा थोडा लक्षात ठेवावा लागतो. कागल, गडहिंग्लज ही गावे कोल्हापूर संस्थानात होती. त्यांच्याही दक्षिणेला, सह्याद्रीच्या पावसाळी कुशीत असलेला चंदगडचा मुलूख मात्र संस्थानात नव्हता. आज कोल्हापूर जिल्ह्याचे दक्षिण टोक असलेला हा तालुका तेव्हा थेट इंग्रजी अमलाखालील बेळगाव जिल्ह्यात मोडत होता. नकाशावरच्या या एका रेषेला गोखल्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धात आणि त्यांच्या पश्चात एक वेगळाच अर्थ येणार होता.

कागलला पुढच्या इंग्रजी शिक्षणाची सोय पुरेशी नव्हती. कृष्णरावांनी गोविंद व गोपाळ या दोन्ही मुलांना शिक्षणासाठी कोल्हापूरला ठेवले. फौजदाराच्या पगारात सहा मुलांचा संसार आणि परगावी शिकणारे दोन मुलगे हे गणित सोपे नव्हते. तरीही, ज्या कारणाने आपली शाळा सुटली त्याच कारणाने मुलांची सुटू नये, एवढे त्या गृहस्थाने मनाशी ठरवले असावे. पालकांचा पहिला आधार हाच असतो. आपल्या वाट्याला न आलेली संधी मुलांच्या वाट्याला यावी म्हणून घराची घडी बदलण्याची तयारी त्यासाठी लागते.

कागलच्या शाळेतील गोपाळची एक आठवण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुरुजींनी घरून सोडवून आणायला दिलेली उदाहरणे फक्त गोपाळची बरोबर आली. गुरुजींनी त्याला वर्गात पहिल्या जागी बसायला सांगितले, तेव्हा तो रडू लागला. एका उदाहरणात आपण दुसऱ्याची मदत घेतली होती, म्हणून ही जागा आपली नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. गोष्ट लहान आहे. परंतु गुणांपेक्षा गुण कसे मिळाले याला महत्त्व द्यावे, हे त्या वयात मुलाला आपोआप कळत नाही. ते त्याच्या भोवतालच्या माणसांकडूनच त्याच्यात उतरते.

घरापुढचा प्रश्न

१८७९ मध्ये कृष्णरावांचे निधन झाले. गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा होता आणि गोविंदरावांचे वय अठराच्या आसपास. काका अंताजी यांनी कुटुंबाला ताम्हणमळ्याला नेले. शिल्लक फारशी नव्हती. अशा घरांपुढे तेव्हा जो प्रश्न उभा राहात असे, तोच गोखल्यांच्या घरापुढेही उभा राहिला. शिकायचे कोणी आणि कमवायचे कोणी?

गोविंदरावही शिकत होते. त्यांनी आपले शिक्षण थांबवले, कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि गोपाळला पुन्हा कोल्हापूरला पाठवले. पगाराच्या निम्म्याहून अधिक रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचा हा निर्णय होता. तो एकदा घेऊन भागण्यासारखाही नव्हता. दर महिन्याला, घरात कितीही अडचण असली तरी, तो नव्याने पाळावा लागत होता. शिक्षणाला मदत करणे म्हणजे वर्षातून एकदा फीची पावती फाडणे, असा समज आज सुशिक्षित घरांतही आढळतो. गोविंदरावांच्या आठ रुपयांचे मोल त्यांच्या सातत्यात होते. पैसे येणारच, हा भरवसा त्या मुलाला होता. घरच्या अडचणींची चिंता डोक्यावर असली, तरी आपली शाळा उद्या बंद पडेल ही चिंता मात्र नव्हती.

आठ रुपयांत कोल्हापुरात राहणे म्हणजे काटकसरीची परीक्षाच होती. गोपाळ हाताने स्वयंपाक करी, प्रसंगी एक वेळ जेवून भागवी. एकदा एक मित्र त्याला नाटकाला घेऊन गेला. आपल्याला त्याने आपल्या खर्चाने नेले, असे गोपाळला वाटले होते. परंतु पुढे त्या मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते निमूटपणे दिले आणि तो तोटा भरून काढण्यासाठी घरच्या दिव्याचे तेल वाचवीत रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. ही आठवण सहसा गरिबीतील जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. आठ रुपये कोठून येतात, त्यासाठी घरात कोणी काय सोडले आहे, हे त्या मुलाला पुरते ठाऊक होते. त्याच्यावर कोणी पहारा ठेवला नव्हता. भाऊ कागलला, आई दूर, आणि मुलगा कोल्हापुरात एकटा. त्याला अभ्यासाला बसवणारा धाक नव्हता, तर घराच्या कष्टांची जाण होती.

मुलांपासून घरची आर्थिक स्थिती लपवून ठेवण्याची, मागेल ती वस्तू तत्काळ पुरवण्याची रीत आज शहरी मध्यमवर्गात रूढ झाली आहे. याच्या उलट, आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खातो याचा उठता-बसता पाढा वाचणारीही घरे आहेत. पहिल्या रीतीत मुलाला पैशाची किंमत कळत नाही आणि दुसरीत त्याच्या मनावर ऋणाचे दडपण बसते. गोखल्यांच्या घरात या दोन्हींपैकी काही नव्हते. परिस्थिती उघड होती आणि विश्वासही उघड होता.

वहिनीचे दागिने

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिक झाला. त्या काळी मॅट्रिक झालेल्या मुलाला नोकरी मिळणे अवघड नव्हते. आता आपण नोकरी करावी आणि भावाच्या खांद्यावरचा भार हलका करावा, असे त्याच्या मनाने घेतले. त्याचा हा विचार समंजसच होता, आणि घराने तो मान्य केला असता तरी कोणी दोष दिला नसता. गोविंदरावांनी तो मान्य केला नाही. त्यांच्या पत्नीनेही पतीच्या बाजूने उभे राहून आपले दागिने विकायला काढले. त्या पैशांवर गोपाळ १८८२ च्या आरंभी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाला.

या बाईंचा त्यागही मोठा होता. स्त्रीधन हीच त्या काळी स्त्रीची एकमेव हक्काची पुंजी असे. ती तिने स्वतःच्या मुलासाठी नव्हे, तर दिराच्या कॉलेजसाठी मोडली. घरातला एक जण शिकणार असेल तर त्यासाठी घरातल्या सर्वांचे मन तयार असावे लागते. नवरा-बायकोत एक शिकवू म्हणतो आणि दुसरा कुरकुरतो, अशा घरात मुलाचे लक्ष पुस्तकात राहात नाही.

राजाराम कॉलेजात तेव्हा पदवीपर्यंतचे सर्व वर्ग नव्हते. त्यामुळे गोपाळरावांना काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जावे लागले. कोल्हापुरात पुढचा वर्ग सुरू होताच ते परत आले आणि शेवटच्या वर्षासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तेथे त्यांना दरमहा वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १८८४ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले आणि तेही दुसऱ्या वर्गात. गोखले विद्यार्थिदशेत चमकणारे म्हणून प्रसिद्ध नव्हते. चिकाटी, पाठांतर आणि घेतलेला विषय मुळापासून समजून घेण्याची सवय हे त्यांचे भांडवल होते. पुढे केंद्रीय कायदे मंडळात सरकारी आकडेवारीची चिरफाड करून त्यांनी भल्याभल्या इंग्रज अधिकाऱ्यांना निरुत्तर केले, तेव्हा हेच भांडवल कामी आले. टक्क्याच्या दोन-चार दशांशांवरून घरात सुतकी वातावरण करणाऱ्या पालकांनी हा दुसरा वर्ग अवश्य ध्यानात ठेवावा.

पंचाहत्तर रुपयांना होकार

पदवी हाती आली आणि घराच्या आशा पल्लवित झाल्या. पदवीधर मुलगा सरकारी नोकरीत शिरेल किंवा वकील होईल आणि घराला चांगले दिवस येतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. गोपाळरावांनी कायद्याच्या वर्गात नावही घातले. १८८५ मध्ये ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. तिथे टिळक, आगरकर यांच्या सहवासात त्यांच्या मनाने वेगळे वळण घेतले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य व्हायचे, म्हणजे मर्यादित वेतनावर वीस वर्षे शिक्षणकार्याला वाहून घ्यायचे. वेतन पंचाहत्तर रुपये आणि निवृत्तीनंतर तीस रुपये, असा तो व्यवहार होता.

हा निर्णय घेण्यापूर्वी त्यांनी गोविंदरावांची संमती मागितली. ज्याने आपले शिक्षण मोडले, बायकोचे दागिने मोडले, त्या भावाला आता परतफेडीची आशा धरण्याचा पूर्ण अधिकार होता. गोविंदरावांनी संमती दिली. १८८६ मध्ये गोपाळराव आजीव सदस्य झाले. गोखल्यांच्या घडणीत गोविंदरावांचा सर्वांत मोठा वाटा कोणता, असे विचारले तर आठ रुपयांच्याही आधी या संमतीचा उल्लेख करावा लागेल. मुलाच्या शिक्षणावर पैसा खर्च करणारे पालक पुष्कळ असतात. तो खर्च व्याजासह वसूल करण्याचा हट्ट सोडणारे मात्र थोडे असतात.

फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांनी गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र असे गरज पडेल ते विषय शिकवले. सहकारी बापट यांच्याबरोबर त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले आणि ते कित्येक वर्षे शाळाशाळांतून वापरात राहिले. १९०२ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी सार्वजनिक कार्याला दिले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषवले.

ज्या घरात गोविंदराव नसतात

गोखल्यांच्या घराची ही कहाणी इथेच संपवली तर ती अर्धीच राहील. तिची दुसरी बाजू अशी, की एक भाऊ शिकला तेव्हा दुसऱ्याचे शिक्षण कायमचे सुटले. चार बहिणी होत्या. पण कोणाला शिकवायचे या प्रश्नात त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलींचे नावही येत नसे. पगारदार भाऊ आणि दागिने असलेली वहिनी ज्या घरात नव्हती, त्या घरातील मुलांचे काय? शेतावर राबणाऱ्या कुळाच्या मुलाला कोण आठ रुपये पाठवणार होते?

या प्रश्नाला गोखल्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे दिली. १८ मार्च १९१० रोजी त्यांनी केंद्रीय कायदे मंडळात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो त्यांनी मागे घेतला. काहीच घडत नाही असे पाहून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी रीतसर विधेयकच आणले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला होता. एका संस्थानिकाला जे जमते ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा बिनतोड मुद्दा होता.

विधेयकात सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळेत पाठवण्याची जबाबदारी पालकांवर टाकली होती. ज्या भागात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण आधीच काही एका टप्प्यावर पोहोचले आहे, त्याच भागात स्थानिक संस्थांनी सरकारच्या परवानगीने सक्ती लागू करायची होती. मुलाला न पाठवणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. परंतु विधेयक लिहिणाऱ्याला गरिबाचे घर आतून माहीत होते, हे त्यातील सवलतींवरून दिसते. महिना दहा रुपयांपेक्षा अधिक मिळकत नसलेल्या पालकाकडून फी घ्यायची नव्हती. आजारपण, घरची निकड आणि शेतीच्या हंगामाची गरज ही गैरहजेरीची योग्य कारणे मानली होती. खर्चाचा एक तृतीयांश भार स्थानिक संस्थांनी आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा, अशी त्यांची सूचना होती. मुलींना मात्र आरंभी सक्तीतून वगळले होते. ही त्या विधेयकाची मोठी उणीव होती.

चंदगडसारख्या भागात या तरतुदींचा अर्थ काय झाला असता, याची कल्पना करणे कठीण नाही. मृगापासून कोसळणारा पाऊस, भाताची रोपलावण, नाचणीची शेते आणि ओढ्यानाल्यांनी तोडलेल्या वाड्या. इथला शेतकरी मुलाला शाळेत पाठवत नसे तो शिक्षणाचा शत्रू म्हणून नव्हे. लावणीच्या दिवसांत घरातला एकेक हात मोलाचा असे. हंगामाची सवड देऊन बाकीचे वर्ष शाळेसाठी मागणारा कायदा अशा पालकाला समजण्याजोगा होता.

तो कायदा झाला नाही. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली. सरकारी सभासद विरोधात होते, आणि काही वजनदार हिंदी सभासदांनीही साथ दिली नाही. खर्च परवडणार नाही, लोकांची तयारी नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. पराभव होणार हे गोखल्यांना आधीच दिसत होते. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, या आशयाचे विचार त्यांनी त्या वेळी सभागृहात मांडले. मधुमेहाने व अतिश्रमाने खालावलेली त्यांची प्रकृती पुढे सावरली नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

रेषेच्या अलीकडे, पलीकडे

गोखल्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, ज्या कोल्हापूर संस्थानात ते शिकले तिथे राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणारा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. कलकत्त्यात पडलेला विचार करवीरात अमलात आला. मात्र संस्थानाची हद्द जिथे संपे तिथे हा कायदाही संपे. गडहिंग्लजकडच्या मुलाला जो हक्क मिळाला, तो चंदगडच्या मुलाला मिळाला नाही, कारण त्याच्यावर राज्य इंग्रजांचे होते. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांतून कायदा झाला. पण तो नगरपालिकांपुरता होता. खेड्यांना त्याचा उपयोग नव्हता. ग्रामीण भागापर्यंत सक्ती नेण्याची वाट १९२३ च्या कायद्याने मोकळी केली आणि तीही संथपणे. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूर जिल्ह्यात आले, तेव्हा ती जुनी रेषा पुसली गेली.

गोखल्यांनी मागितलेले सगळे मिळायला मात्र जवळजवळ शतक लागले. २००२ मधील ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे, म्हणजे मुलीचेही, शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे मातापित्यांचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. शासनाची आणि पालकांची जबाबदारी एकाच वेळी सांगणारी ही रचना गोखल्यांच्या विधेयकाच्या जातकुळीची आहे.

कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. दाराच्या आत गेलेले मूल टिकते की नाही, हे बरेचसे घर ठरवते. त्यासाठी पालक उच्चशिक्षित असावा लागत नाही. कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या गोविंदरावांना आपल्या भावाचा अभ्यास घेता आला नसता. त्यांनी जे दिले ते अभ्यासाच्या पुस्तकांबाहेरचे होते. ठरलेल्या वेळी ठरलेली मदत, घरच्या परिस्थितीबद्दल मोकळेपणा, मुलाच्या शब्दावर विश्वास, अडचणीच्या वेळीही न ढळणारा निर्धार आणि शेवटी मुलाचा मार्ग त्याचा त्याला निवडू देण्याचे मोठे मन. यातली एकही गोष्ट बाजारात विकत मिळत नाही आणि यातल्या एकाही गोष्टीला पदवी लागत नाही.

आजही चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरून मुले-मुली पुढच्या शिक्षणासाठी गडहिंग्लजला, बेळगावला, कोल्हापूरला जातात. एसटीचा पास, खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे यांचा हिशेब काजूच्या आणि भाताच्या पैशातून घातला जातो. दोन मुलांपैकी कोणाला पुढे शिकवायचे, मुलीला परगावी ठेवायचे की नाही, हे प्रश्न कित्येक घरांत अजून उंबऱ्यापाशी उभे असतात. गोखल्यांच्या घरात एक शिकला आणि एक थांबला. कोणालाही थांबावे लागू नये, यासाठीच त्या शिकलेल्या भावाने ते विधेयक मांडले होते. त्यातून धडा घ्यायचा तर तो एवढाच, की या प्रश्नांचे उत्तर देताना घरातल्या एकाही मुलाचे नाव यादीतून आधीच खोडू नये.